नवा सोळा, जुना सोळा

तुळसा अक्कांच्या घरातून निघताना "जाते" म्हणायची सोय नव्हती. मी सांगलीची. "येते" म्हणायची रीत आमच्याकडेही आहे, पण सकाळी कंपनीची बस कोपऱ्यावर येऊन उभी असताना माणूस तोंडाला येईल ते बोलतं. मी "अक्का, जाते हो" म्हणत जिना उतरले की खालून आवाज यायचा, "परत वर चढ." मग वर चढायचं, पुन्हा उतरायचं, "जाऊन येते" असं धडधडीत म्हणायचं, तेव्हा कुठे त्या फाटकाची कडी काढायच्या. तोवर बस शोळिंगनल्लूरच्या वाटेला लागलेली. एकदा मी चिडून म्हणालेच की हे शुद्ध खूळ आहे. अक्का शांतपणे म्हणाल्या, "असूं दे. ह्या फाटकावरून 'जातों' म्हणून गेलेलें माणूस कधीं आंत आलेलें नाहीं." कोण, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही तेव्हा घाई होती.

चेन्नईच्या टी. नगरमध्ये साड्यांच्या बड्या दुकानांच्या पाठीमागे ही गल्ली. राहती घरं आता थोडकीच, बाकी गोदामं आणि दुकानांत काम करणाऱ्या मुलींची वसतिगृहं. अक्कांचं घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, दोन मजली, पुढे बसायला ऐसपैस ओटा. अक्का बँकेतून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, सत्तरी कधीच ओलांडलेल्या. खाली त्या एकट्या आणि वर भाडेकरू मी. भाडेकरू म्हणून मला त्यांनी ठेवून घेतलं ते केवळ मी मराठी बोलते म्हणून. त्यांचे पूर्वज मराठे राजांच्या मागोमाग तंजावरला आले, आजोबा तिथून मद्रासला. मराठी मात्र घरात तीच राहिली, जुनी, अनुस्वारांची आणि तमिळ हेल असलेली. पहिला आठवडाभर मला वाटायचं की बाई सारख्या माझ्यावर खेकसताहेत. त्यांना माझी मराठी ऐकून दम लागायचा. म्हणायच्या, "तुमची मराठी नेहमी बस पकडायला निघालेली असती." अख्ख्या महाराष्ट्राला त्या पुणें म्हणत. मी सांगली सांगली करून घसा कोरडा केला, तर म्हणाल्या, "अस्क पुणेंच." अस्क म्हणजे सगळं.

संध्याकाळी ओट्यावर बसून येणारी-जाणारी गिऱ्हाइकं बघणं हा त्यांचा उद्योग. लग्नाचा बस्ता घेऊन माणसं गल्लीतून स्टेशनकडे निघायची. अक्का नुसतं बघून सांगायच्या, ही साडी सासूनं निवडली की नवरीनं. मला म्हणाल्या, "पिशवी कोणाच्या हातांत आहे तें बघ. स्वतां निवडलेली असली तर नवरी ती दुसऱ्याला देत नाहीं." त्यानंतर मीही बघायला लागले आणि खरंच तसंच असायचं. लग्न या विषयावर त्यांचं एवढं बारीक लक्ष, पण स्वतःच्या लग्नाचा विषय कोणी काढला की उठून कॉफी करायला जायच्या.

आणखी एक होतं. त्यांच्या घरात बज्जी तळायची नाही. केळ्याची नाही, मिरचीची नाही, कसलीच नाही. एका रविवारी मी वर कांदाभजी काढली, तर धापा टाकत जिना चढून आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तें आमच्या घरीं करीत नाहींत." मी गॅस बंद केला. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा तोवर पाहिला नव्हता.

आता पाटीचं सांगते.

मी राहायला आले त्याच्या दुसऱ्या वर्षी महाराष्ट्रातल्या एका साहित्य मंडळाचे लोक चेन्नईला आले. तंजावरी मराठीत लिहिणारे विठ्ठल राव म्हणून एक लेखक होऊन गेले, त्यांच्या राहत्या घरावर मंडळाला पाटी लावायची होती. लेखकाच्या जुन्या पत्रांवर पत्ता होता, सोळा नंबर आणि ही गल्ली. अक्कांच्या फाटकावर ठसठशीत सोळा. झालं. मंडळाचे कार्यवाह देशमुख म्हणून होते, गोरे, घामाघूम, सज्जन गृहस्थ. त्यांनी अक्कांना वाकून नमस्कार केला आणि भिंतीवर पाटी लावायची परवानगी मागितली. अक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मला वाटलं, ऐकू आलं नसेल, म्हणून मी मोठ्यानं पुन्हा सांगितलं. तेव्हा अक्कांनी विचारलं, "ह्या घरांत राहत होते असें लिहिलेंय?" देशमुख म्हणाले, हो तर. अक्का म्हणाल्या, "लावा."

काळ्या दगडाची पाटी, त्यावर सोनेरी अक्षरांत चार ओळी, वर झेंडूचा हार. भाषणं झाली. देशमुखांनी विचारलं, ते लिहायला कुठे बसायचे? अक्कांनी पुढच्या खोलीतल्या खिडकीकडे बोट केलं. सगळ्यांनी त्या खिडकीचे फोटो काढले.

त्यानंतर घराला माणसं लागली. महिन्याकाठी कोणीतरी यायचंच, कधी गटानं, कधी एकटं. अक्कांनी खिडकीशी वेताची खुर्ची आणून ठेवली. त्या सांगायच्या की विठ्ठल राव बिनसाखरेची कॉफी पीत, शब्द अडला की डावा कान चोळत, लिहून झालं की उठून आळस देत आणि मग खुर्चीची पाठ पुसून ठेवत. पुण्याहून आलेली एक संशोधक मुलगी ते भराभर टिपून घेत होती. अक्कांचा चेहरा असा फुललेला की मीच बघत बसले. तोवर त्यांनी कधी केसांत फूल माळलेलं मला माहीत नव्हतं, त्या दिवसांत रोज मोगऱ्याचा गजरा असायचा. माझं तोंड फटकळ. मी म्हटलं, "अक्का, काय विचार काय आहे?" तर लाजल्या. अक्षरशः लाजल्या.

चेन्नईत पत्ता सांगताना एक गोष्ट विसरून चालत नाही. महापालिकेनं मध्यंतरी घरांचे नंबर बदलले. तेव्हापासून प्रत्येक घराला दोन नंबर, जुना आणि नवा. जेवण घेऊन येणारा पोरगासुद्धा आधी विचारतो, जुना की नवा? मंडळाच्या लोकांना हे कुठून ठाऊक असणार! मला ठाऊक होतं, पण डोक्यात आलं नाही. एके दिवशी समोरच्या फ्लॅटच्या इमारतीत माझं पार्सल चुकून गेलं, ते आणायला गेले, तर तिथल्या पाटीवर दोन नंबर. नवा कुठलासा आणि खाली जुना, सोळा. मी पार्सल काखोटीला मारून रस्त्यातच उभी राहिले. अक्कांचा सोळा नवा होता. विठ्ठल रावांची पत्रं नंबर बदलण्याच्या आधीची.

घरी येऊन मी विचारलं. अक्कांनी जराही लपवलं नाही. कॉफी गाळता गाळता म्हणाल्या, "ते समोर राहत होते. घर पाडून फ्लॅट केले. ह्या घरांत तर ते कधीं आलेच नाहींत."

मग त्यांनी सांगितलं. विठ्ठल रावांच्या घरचे अक्कांना बघायला यायचे होते. इकडे मुलगी बघायला येतात तेव्हा गोड शिरा आणि बज्जी करायची पद्धत, तंजावरच्या मराठी घरांनीही ती उचललेली. सकाळपासून तळण चाललं होतं. फाटकापर्यंत सगळे आले. तिथे कोणीतरी मुलाच्या आईच्या कानात सांगितलं की मुलगी मूळ नक्षत्राची. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला बाधते. आई फाटकातूनच मागे फिरली. विठ्ठल राव क्षणभर उभे राहिले, अक्का खिडकीतून बघत होत्या. "जातों," एवढंच त्यांनी अक्कांच्या वडिलांना म्हटलं आणि आईच्या मागोमाग गेले. परातभर बज्जी संध्याकाळी गायीला घातली. पुढं वर्षाच्या आत अंबुजाबाईंशी त्यांचं लग्न झालं, आणि भाड्याचं घर मिळालं ते नेमकं समोरचं. तीस वर्षांहून जास्त ते तिथे राहिले. रस्त्यात भेटले की नमस्कार करीत. फाटकात कधी पाय ठेवला नाही.

"आणि ती कॉफी, ते कान चोळणं?" मी विचारलं.

"तें अस्क खरें. इथून दिसायचें," अक्का म्हणाल्या. "मेल्यावर कां होईना, आले कीं नाहीं?"

मी म्हटलं, पाटी राहू द्या, कोणाचं काय बिघडतंय. मला मनापासून तसंच वाटत होतं. विठ्ठल राव वारलेले, अंबुजाबाई वारलेल्या, मूलबाळ नाही. एका म्हाताऱ्या बाईला दगडाच्या एका तुकड्यानं सुख होत असेल तर होऊ दे. चूक तर चूक, जन्मात एकदा तिच्या बाजूनं झालेली.

नवरात्र आलं. अक्कांकडे बाहुल्यांची मांडणी असायची, गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला यायच्या, त्यांना विड्याची पानं, नारळ, उसळ द्यायची. मी मदतीला होते. शेवटची बाई गेली, मी ताट उचलायला लागले, तर अक्का म्हणाल्या, "एक विडा ठेव. अंबुजा यायची आहे." हे नाव मी एकदाच ऐकलं होतं आणि माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं. असेल कोणी शेजारीण, म्हणून मी विडा उंबऱ्याशी ठेवला आणि वर गेले. अंगावर काटा आला तो दुसऱ्या दिवशी, ऑफिसात जेवताना, डबा उघडला आणि नाव आठवलं तेव्हा.

संध्याकाळी घरी आले. खिडकीशी ठेवलेली खुर्ची हलवलेली होती. पुढचं दार सताड उघडं आणि अक्का दारापासून चार हात दूर, जमिनीवर बसलेल्या. मी उंबऱ्यावर टेकणार, तेवढ्यात म्हणाल्या, "तिथें नको." मी उभीच राहिले. त्या सांगत होत्या तेही अगदी साध्या आवाजात, आज दूध नासलं असं सांगावं तसं. दुपारी येते. उंबऱ्यात बसते. मांडीवर हात. काही बोलत नाही.

मी म्हटलं डॉक्टरकडे जाऊ. अक्का म्हणाल्या, "डॉक्टर काय करणार? मी त्यांना बोलावलें, आली ती. घर तिचें, संसार तिचा. पाटी माझ्या भिंतीवर. ती येणारच कीं." मला रागही आला आणि भीतीही वाटली. त्या रात्री खालचा दिवा मी घालवू दिला नाही.

पुढचं त्यांनी मला आठवडाभरानं सांगितलं, तेही मी खोदून विचारल्यावर. अंबुजाबाई बोलायच्या मराठी, पण वाचता यायचं ते फक्त तमिळ. तंजावरच्या कितीतरी घरांत असंच. नवऱ्यानं जन्मभर जे लिहिलं त्यातलं अक्षर त्यांना लागत नव्हतं. अक्कांना लागत होतं, कारण विठ्ठल राव फाटकातून परत गेल्यावर त्या हट्टानं देवनागरी शिकल्या होत्या. कशासाठी, ते सांगायला नको. त्यांची बँकेची सुट्टी असली की दुपारी अंबुजाबाई मासिक घेऊन यायच्या, उंबऱ्यात बसायच्या आणि म्हणायच्या, तुळसे, वाच. अक्का वाचायच्या. नवऱ्यानं लिहिलेलं बायकोला, त्यानं जिला नाकारलं ती वाचून दाखवायची. गल्लीत कोणाला हे कळलं नाही, विठ्ठल रावांनासुद्धा नाही.

"एका दिवाळी अंकांत एक पान होतें," अक्का म्हणाल्या. "अस्क पान अंबुजेवर. चांगलें होतें गं. मी तें ओलांडलें. पुढचें वाचलें. संपल्यावर ती म्हणाली, माझें कांहीं नाहीं कां त्यांत? मी म्हटलें, नाहीं."

"मग?"

"मग ती मासिक घेऊन गेली. पुन्हा कधीं विचारलें नाहीं."

पानात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही, पण त्या उठून गेल्या. मोगरा त्यांनी केव्हाच बंद केला होता. येणाऱ्या लोकांना दारातून परत पाठवू लागल्या, प्रकृती बरी नाही म्हणून. आणि खरंच बरी नव्हती. गालफडं बसली, जेवण तुटलं. दुपारी शेजारचा कोणी हाका मारून जायचा, पण अक्का उंबऱ्याकडे तोंड करून बसलेल्या असायच्या आणि ओ द्यायच्या नाहीत.

एका शनिवारी त्यांनी मला देशमुखांना फोन लावायला सांगितलं. मी नको म्हटलं. मी चक्क भांडले. म्हटलं, तुम्हाला काय मिळालं आयुष्यात? एक पाटी चुकून मिळालीय, तीही देऊन टाकायची? माझा जीव तुटत होता. अक्का म्हणाल्या, फोन लाव.

मी फोन स्पीकरवर टाकला. पाटी चुकीच्या घरावर लागलीय हे ऐकून देशमुख बिचारे गडबडले. अहवाल छापून झालेला, फोटो सगळीकडे गेलेले, त्या पुण्याच्या मुलीच्या प्रबंधात खिडकी गेलेली. ते म्हणाले, अक्का, रस्ता तर तोच ना, समोरासमोरची घरं, राहू द्या की. तेव्हा अक्कांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"देशमुख, तुमच्या आईच्या घराची पाटी शेजारणीच्या भिंतीवर लावाल?"

मग ते म्हणाले, बघतो.

फ्लॅटवाल्यांना पटवायला महिना गेला. त्यांचं म्हणणं, पाटी लावा, पण दुचाक्या लावायची जागा अडता कामा नये. शेवटी कुंपणाच्या भिंतीवर, पाण्याच्या टँकरचा पाइप येतो त्याच्या बाजूला जागा मिळाली. अक्कांनी देशमुखांकडे एकच मागणं केलं, पाटीवर अंबुजाबाईंचंही नाव घाला. ते म्हणाले, मजकूर समितीनं मंजूर केलेला, त्यात आता बदल होत नाही. अक्कांनी वाद घातला नाही.

ज्या दिवशी माणसं पाटी काढायला आली त्या दिवशी मी रजा घेतली होती. अक्का रडतील, निदान आत जाऊन बसतील, असं मला वाटलं. त्या ओट्यावर उभ्या राहून शेवटचा स्क्रू निघेपर्यंत बघत होत्या. माणसं पाटी उचलून रस्ता ओलांडायला लागली तेव्हा म्हणाल्या, "मागच्या खेपेला ते आपले आपण गेले. ह्या खेपेला मी पोंचविलें." आणि मला कॉफी विचारली. मी मात्र वर जाऊन पोटभर रडून घेतलं.

अंबुजाबाई यायच्या थांबल्या का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. खुर्ची परत खिडकीशी गेली नाही एवढं खरं.

पुढं माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या सकाळी मी बॅगा रिक्षात घातल्या, अक्कांना शोधलं तर घरात नाहीत. देवळात गेल्या असतील म्हणून थोडी थांबले, मग गाडीची वेळ झाली. मनात हुरहूर घेऊन रिक्षात बसले. गल्लीत साड्यांचे गठ्ठे उतरवणारा टेम्पो आडवा उभा, रिक्षा समोरच्या फ्लॅटपाशी अडकली. आणि अक्का दिसल्या.

पाटीसमोर, दोन स्कूटरांच्या मधल्या जागेत उभ्या होत्या, पाठ माझ्याकडे. भिंतीला अगदी लागून नाही, थोड्या एका बाजूला, दुसऱ्या माणसाला उभं राहायला जागा ठेवून. मोठ्यानं वाचत होत्या. टेम्पोवाला ओरडत होता, मागे हॉर्न वाजत होते, तरी त्यांचा आवाज ऐकू येत होता, कारण अक्का ऐकू जावं म्हणूनच वाचत होत्या. लेखकाचं नाव झालं, घर झालं, मंडळाचं नाव झालं. चौथी ओळ संपली. अक्का थांबल्या नाहीत.

"मी लिहीत असतों तेव्हां ती दारांत बसती. भाजीवाला आला तर त्याला हातानें गप्प करती. शेजारचीं मुलें ओरडलीं तर डोळे वटारती. माझें एक अक्षर तिला वाचतां येत नाहीं, आणि तिच्यावांचून माझें एक अक्षर झालेलें नाहीं. हें मी तिला तोंडानें सांगूं शकलों नाहीं. कोणी वाचून दाखविलें तर तिला कळेल."

टेम्पो हलला. रिक्षावाल्यानं गिअर टाकला, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. अक्कांनी आपल्या डाव्या बाजूला, जिथे कोणी नव्हतं तिथे, मान वळवली.

"आहे गं, अंबुजा," त्या म्हणाल्या. "तेव्हांहि होतें."